भाषेचे पाय पाळण्यात

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आमच्या गावच्या चौकात त्यानिमित्त पेढे वाटले गेले. वाटणाऱ्यांत मीही होतो. भाषणे झाली, घोषणा झाल्या, समितीच्या फलकावर अभिनंदनाचा मजकूर लिहिला गेला. पुढे दसऱ्याची सुट्टी संपून शाळा भरली आणि त्याच आठवड्यात एक माता शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. कडेवर तीन वर्षांचे मूल. थोरली मुलगी आमच्याच शाळेत चौथीत. ती म्हणाली, "गुरुजी, ह्याचं नाव घालू नका, हजेरी घेऊ नका. नुसतं पहिलीच्या पोरांत एका कोपऱ्यात बसवून घ्या. रताळी काढायला जायचंय. पाचला येऊन नेते."

मी तिला नियम सांगितला. वय भरल्याखेरीज मूल पटावर घेता येत नाही, पटावर नसलेले मूल वर्गात बसवता येत नाही, काही बरेवाईट झाले तर जबाबदारी कोणाची? नियम खरा होता. ती काही न बोलता परत गेली. दुसऱ्या दिवसापासून चौथीतल्या थोरलीची जागा रिकामी दिसू लागली. रताळ्याचा हंगाम संपेपर्यंत ती अधूनमधूनच शाळेत आली. उरलेले दिवस तिने घरी धाकट्याला सांभाळले. जून २०२५ मध्ये त्या धाकट्याचे नाव शहराकडच्या एका इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत घातले गेले.

ते कळल्यावर मी त्या घरी गेलो आणि मास्तरकीच्या सवयीप्रमाणे चार शब्द सुनावले. मातृभाषेचे महत्त्व सांगितले. तुम्हीच अशी मुले इंग्रजीला घातली तर मराठी शाळा टिकायची कशी, असे विचारले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "इंग्रजीसाठी न्हाई घातलं गुरुजी. गाडी दारात येती, चारला आणून सोडती. तुमच्या शाळेनं ठेवून घेतलं असतं तर पैसे कशाला घातले असते?"

भाषेवर आजवर मी बरीच भाषणे केली आहेत, परंतु या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. आज भाषेच्या विशेषांकात लिहावयाचे तर त्या प्रश्नावरच लिहिले पाहिजे, असे वाटते.

तीन कारणे, त्यांतले एक विसरलेले

सीमाभागातील मराठी शाळांची पटसंख्या घटते आहे, याची चर्चा आपण दरवर्षी करतो. त्याची दोन कारणे सांगितली जातात. एक, शासनाची अनास्था : शिक्षक वेळेवर मिळत नाहीत, पुस्तके उशिरा येतात, इमारती गळतात. दुसरे, पालकांचे इंग्रजीचे वेड. दोन्ही कारणे खरी आहेत. परंतु तिसरेही एक कारण आहे आणि ते आपण कधी मोजलेच नाही. मूल जन्मल्यापासून शाळेत येईपर्यंतची जी सहा वर्षे असतात, त्या वर्षांत दिवसा त्याला कोण सांभाळतो? जो सांभाळतो त्याच्याकडे मूल पुढे शिकायला जाते, ही साधी गोष्ट आहे.

खासगी नर्सरी गावातल्या माणसाला काय विकते, हे नीट पाहावे. ती इंग्रजी विकते असे आपण समजतो. खरे पाहता ती आईला दिवसाचे सहा-सात तास विकते. सकाळी गाडी येते, मूल जाते, दुपारी परत येते, तेवढ्यात आईची मजुरी पदरात पडते. इंग्रजी त्यासोबत येते. तीन वर्षे मूल त्या गाडीने गेले, तिथल्या बाईंच्या ओळखीचे झाले, सोबती मिळाले, की सहाव्या वर्षी ते तेथून काढून मराठी पहिलीत कोण घालील? आम्ही शिक्षक मे महिन्यात घरोघर फिरून 'आपले मूल मराठी शाळेत घाला' म्हणून विनवणी करतो, तेव्हा निर्णय होऊन तीन वर्षे उलटलेली असतात. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. भाषेचे पायही तेथेच दिसतात, आणि आपण मात्र ते पहिलीच्या दारात शोधत बसलो आहोत.

बाईचा दिवस केवढा, अंगणवाडीचा केवढा

आपल्या भागातील बाईचा दिवस कसा असतो हे वाचकांना सांगावयास नको. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील गावांत भाताची रोप लावणी, भांगलण, रताळी, बटाटा, भाजीपाला यांचे चक्र वर्षभर फिरत असते आणि त्यातले निम्म्याहून अधिक काम बायकांच्या हातचे. खानापूर तालुक्यात शेत, काजू, वीटभट्टी. निपाणीकडे तंबाखू आणि विडी. विडी घरी वळली जाते, म्हणून मूल आईजवळ असते खरे, पण कसे? मांडीवर सूप आणि सुपाशेजारी तान्हे मूल, तंबाखूच्या धुळीत. त्याशिवाय आता शहरालगतच्या गावांतल्या कितीतरी मुली आणि सुना कारखान्यांत, दुकानांत, दवाखान्यांत कामाला जातात. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली महिलांना सरकारी बसप्रवास मोफत झाला. बसचे तिकीट वाचले, कामाची वाट मोकळी झाली. कडेवरच्या मुलाला कोठे ठेवायचे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

कोणी म्हणेल, अंगणवाडी आहे की. आहे, आणि तिचे उपकार मोठे आहेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. कर्नाटकातील पहिला प्रकल्प म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूरचा. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास पुढील उपचारासाठी पाठवणी, मातांना पोषण व आरोग्याचे शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शाळापूर्व शिक्षण, अशा सहा सेवा या योजनेने गावच्या उंबरठ्यापर्यंत आणल्या. आमच्या पिढीने देवीचे व्रण आणि कुपोषित पोरे पाहिली आहेत, त्यामुळे या कामाची किंमत आम्हाला ठाऊक आहे. ते करणाऱ्या सेविका आणि मदतनीस यांना अजूनही वेतन नव्हे तर मानधन मिळते. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला.

परंतु अंगणवाडी म्हणजे पाळणाघर नव्हे. तीन वर्षांखालील मुलाला तेथे घरपोच आहार मिळतो, दिवसभर सांभाळणारे माणूस मिळत नाही. तीन वर्षांवरील मूल तेथे बसते, पण अंगणवाडी उघडण्यापूर्वीच आई रानात गेलेली असते आणि ती परत येण्यापूर्वी अंगणवाडीला कुलूप लागलेले असते. मधले तास कोणी भरायचे? थोरल्या मुलीने. म्हणजे एका मुलाचे पाळणाघर नाही म्हणून दुसऱ्या मुलीची शाळा बुडते. हजेरीपत्रकात मी तिच्यापुढे 'गैरहजर' लिहितो, कारणाचा रकाना तेथे नसतो.

कायद्याने काय दिले, कोणाला दिले

पाळणाघर ही शहरी चैन आहे, असा एक समज आपल्याकडे आहे. वस्तुस्थिती अशी की कष्टकरी बाईच्या मुलासाठी पाळणाघर असावे, हे स्वतंत्र भारताने पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच मान्य केले. १९४८ च्या कारखाना कायद्यात पन्नासहून अधिक स्त्री कामगार असतील तेथे पाळणाघराची सक्ती होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती संख्या तीसवर आली. १९९६ च्या बांधकाम मजुरांसाठीच्या कायद्यातही पाळणाघराची तरतूद झाली. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात असे लिहिले गेले की, कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांतल्याच एका बाईला मुले सांभाळण्याचे काम द्यावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली.

या सगळ्या तरतुदींत एक गोम आहे. एका छपराखाली, एका मालकाकडे अमुक इतक्या बायका असतील तरच कायदा जागा होतो. आपल्या गावची बाई आज एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. सोबत पाच-सहा जणी. तिची मोजणी कोणत्याच कायद्याच्या आकड्यात बसत नाही.

तिच्यासाठी म्हणून ज्या योजना झाल्या, त्याही आपण माहीत करून घेतल्या पाहिजेत. २००६ मध्ये केंद्राने राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना सुरू केली. २०१७ मध्ये ती राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली. त्या योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाची मुले, महिन्यातले २६ दिवस, दिवसाचे साडेसात तास, आणि एका पाळणाघरात पंचवीस मुले असे प्रमाण होते. वर्गणीही ठरवून दिली होती : दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला महिना २० रुपये, आईवडिलांचे मिळून मासिक उत्पन्न १२ हजारांपर्यंत असेल तर १०० रुपये आणि त्यावर असेल तर २०० रुपये. म्हणजे पाळणाघर मजुराला परवडले पाहिजे, हा हिशेब सरकारनेच एकदा मांडला होता. पुढे संस्थांमार्फत चालणारी अनेक पाळणाघरे निधीअभावी बंद पडली. २०२२ पासून 'पाळणा' या नावाखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची योजना आली. कर्नाटक सरकारनेही २०२३ च्या अर्थसंकल्पात 'कूसिन मने', म्हणजे बाळाचे घर, ही योजना जाहीर केली. सुमारे चार हजार ग्रामपंचायतींत रोजगार हमीवर जाणाऱ्या मातांच्या लहान मुलांसाठी पाळणाघरे आणि सांभाळायला त्याच गावातल्या, प्रशिक्षण दिलेल्या महिला.

यांतल्या किती योजनांची नावे आपल्या ग्रामसभेत कधी निघाली? मी स्वतः समितीचा कार्यकर्ता आणि शिक्षणशास्त्राचा पदवीधर. ती माता पायरीशी उभी होती त्या दिवशी यांतली एकही योजना मला तिला सांगता आली नाही, हे कबूल केले पाहिजे.

भाषेचा प्रश्न कोठे येतो

वाचक म्हणतील, हे सारे ठीक, पण भाषेच्या अंकात याचे काय प्रयोजन? ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका अंगणवाडीत जाण्याचा योग आला. तेथील सेविका दुसऱ्या भागातून बदलून आलेल्या, घरची भाषा कन्नड. बाई मनाने चांगल्या, कामाला चोख. मुले सगळी मराठी घरांतली. मी बसलो असतानाच एक मूल रडू लागले. ते काहीतरी सांगत होते आणि बाईंना समजत नव्हते. समजेपर्यंत चड्डी ओली झाली होती. बाई ओशाळल्या. मला म्हणाल्या, येथे आल्यावर पहिल्या आठवड्यात मी सहा मराठी शब्द पाठ केले : पाणी, भूक, शू, शी, झोप आणि आई. त्या सहा शब्दांवर मी दिवस काढते.

या बाईंना मी दोष देत नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या भाषेकडे जावे लागते, ते मूल आपल्या भाषेकडे येऊ शकत नाही, हे त्यांना कळले होते. ते त्यांना नेमणाऱ्या व्यवस्थेला कळले नव्हते. मोठी माणसे भाषेचा वाद अस्मितेने घालतात. तीन वर्षांच्या मुलापुढे तो प्रश्न तहान, भूक आणि भीती यांचा असतो. आणि सहा शब्दांवर दिवस निघतो, शिक्षण निघत नाही. गोष्ट ऐकणे, 'हे काय, ते कशाला' असे विचारणे, भांडण तोंडाने मिटवणे, पाहिलेले सांगणे, या सगळ्यांतून मुलाची भाषा आणि भाषेबरोबर बुद्धी वाढते. पहिलीत आलेल्या मुलांत हा फरक मला आठवडाभरात दिसतो. ज्याच्याशी कोणी बोललेच नाही, ते मूल अक्षरे गिरवते, पण वाक्य जुळवताना थांबते. असे मूल पुढे मराठीतही कच्चे राहते आणि कन्नडातही. कन्नड शिकण्यास आमचा विरोध नाही, कधी नव्हता. या राज्यात राहणाऱ्या मुलाला ती भाषा आलीच पाहिजे. परंतु दुसरी भाषा पहिल्या भाषेच्या खांद्यावर बसून येते, आणि खांदाच भरला नसेल तर दोन्ही खाली पडतात. हाच न्याय महाराष्ट्रातील जत आणि अक्कलकोट भागातील कन्नड घरांतल्या मुलांना लागू आहे. तेथील अंगणवाडीत कन्नड बोलणारी बाई असावी, हे आपणच पुढे होऊन म्हटले पाहिजे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५० अ सांगते की, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय राज्याने करावी. त्याआधी ऑगस्ट १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, असे ठरले होते. या दोन आधारांवर आपण आजवर शाळांसाठी झगडलो. पण दोन्हींत शब्द आहे प्राथमिक शिक्षणाचा. अंगणवाडी ही शाळा नव्हे. ती शिक्षण खात्याकडे नाही, महिला व बालकल्याण खात्याकडे आहे. आपली निवेदने शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेली आणि मूल मात्र दुसऱ्याच खात्याच्या खोलीत बसले होते. या दोन खात्यांच्या फटीत आपली तीन वर्षे पडली.

ही फट आता पूर्वीइतकी रुंद राहिलेली नाही. २००२ च्या घटनादुरुस्तीने कलम ४५ बदलले आणि सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण हे राज्याचे कर्तव्य म्हणून नोंदले गेले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शाळापूर्व शिक्षणाची सोय करण्याचा उल्लेख आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि लहान वयात घरच्या भाषेचा आग्रह धरला. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक सरकारच्या भाषा धोरणावर निकाल देताना मातृभाषा कोणती हे ठरवण्याचा अधिकार पालकांचा असल्याचे सांगितले. या निकालाने सरकारचा हात बांधला गेला, तसा आपलाही. पालकांवर कोणीच भाषा लादू शकत नाही. त्यांनी मराठी निवडावी असे वाटत असेल, तर निवडण्याजोगी सोय उभी करावी लागेल. २०२४ साली अंगणवाड्यांत एलकेजी-यूकेजी सुरू करण्याचा विषय कर्नाटकात गाजला. ते वर्ग भरताना आपल्या गावातील वर्गाची बोलण्याची भाषा कोणती, हे विचारायला आपल्यापैकी किती जण गेले?

समितीपुढचा आरसा

समितीच्या कामात मी अनेक वर्षे आहे, म्हणून हे लिहिण्याचा मला अधिकार आहे आणि संकोचही. आपण फलकांसाठी निवेदने दिली, उताऱ्यांसाठी दिली, बसवरील पाट्यांसाठी दिली. पंधरा टक्के भाषिक अल्पसंख्य असतील तेथे परिपत्रके त्यांच्या भाषेत द्यावीत, हा नियम तर आपल्याला तोंडपाठ आहे. त्या मागण्या रास्त आहेत आणि त्या सोडू नयेत. महाराष्ट्राकडेही आपण मागितले. २०२३ मध्ये त्या शासनाने ८६५ सीमागावांसाठी आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. परंतु इकडच्या वा तिकडच्या सरकारला दिलेल्या ज्या निवेदनांवर मी सही केली, त्यांत पाळणाघर हा शब्द एकदाही आला नाही.

गेल्या वर्षी एका बैठकीत मी हा विषय काढला. एक ज्येष्ठ सहकारी हसून म्हणाले, "गुरुजी, पोरं सांभाळणं हा काय समितीचा विषय झाला?" सगळे हसले. त्यांना उत्तर देईल अशी एकही बाई त्या बैठकीत नव्हती. ती कोठे होती हे सांगावयास नको. ती पोरे सांभाळत होती.

दुसरा आक्षेप येतो तो असा की, आपल्याकडे आजी असते, एकत्र कुटुंब असते, हे पाळणाघराचे थेर आपल्याला कशाला? आजीचे स्थान कोणी नाकारत नाही. ओव्या, कहाण्या, म्हणी मुलाला तिच्याकडूनच मिळतात. पण गावात नीट डोळे उघडून पाहावे. साठीची आजीही भांगलायला जाते. घरे वेगळी झाली आहेत. जी आजी घरी आहे तिचे गुडघे चालत नाहीत आणि डोळ्याला दिसत नाही. दारात विहीर, गोठ्यात म्हैस, रस्त्यावर ट्रॅक्टर. अशा घरात रांगते मूल तिच्या भरवशावर टाकून जाणारी आई दिवसभर कशी काम करते, हे तिलाच विचारावे.

आपल्या भाषेनेच हे आधी केले

हा विचार परका नाही, आपल्याच मातीतला आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला. १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या आणि खेड्यातल्या मुलांसाठी काम उभे केले. आज तो भाग पालघर जिल्ह्यात आहे. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांत जे काम केले, ते सर्वांना माहीत आहे. त्यांच्या अनुभवाला आले की, मुले शाळेकडे येत नाहीत, तर शाळेने मुलांच्या अंगणात गेले पाहिजे. अंगणवाडी हा शब्द तेथला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आणि थोरली मुलगी धाकट्या भावंडामुळे शाळेला येऊ शकत नाही असे दिसले, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणणारी विकासवाडी त्यांनी उभी केली. थोरली वर्गात, मधले बालवाडीत, तान्हे पाळण्यात.

माझ्या शाळेतील चौथीच्या त्या मुलीचा प्रश्न मराठी शिक्षिकांनी कितीतरी दशकांपूर्वी सोडवून दाखवला होता. तो धडा मी पदवीच्या अभ्यासक्रमात वाचला, त्यावर गुण मिळवले आणि पायरीशी उभ्या राहिलेल्या बाईला नियम सांगितला.

काय करता येईल

निव्वळ खंत करून लेख संपवणे बरोबर नाही. गावपातळीवर आजच करता येतील अशा चार गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट मोजणीची. प्रत्येक गावात, वाडीत, गल्लीत सहा वर्षांखालील मुले किती, त्यांतील किती मुलांच्या आया दिवसा कामावर असतात, घरची भाषा कोणती, याची यादी करावी. युवक मंडळ आणि महिला मंडळ मिळून हे काम दोन रविवारांत करू शकतील. आकड्याशिवाय दिलेले निवेदन फाईलमध्ये जाते.

दुसरी गोष्ट मागणीची. १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. आपल्या कित्येक वाड्या आणि वाढीव वसाहती यात बसतील. ग्रामसभेत ठराव करून तो बालविकास प्रकल्पाधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्यावा. जेथे अंगणवाडी आहे, तेथे तिला पाळणाघर जोडावे, ही मागणी त्याच ठरावात घालावी.

तिसरी गोष्ट माणसांची. अंगणवाडी सेविका ही स्थानिक स्त्री असावी, हे या योजनेचे मूळ सूत्र आहे. गावातील शिकलेल्या मुलींनी आणि सुनांनी या जागांसाठी अर्ज करावेत. त्यासाठी त्यांचे कन्नड पक्के हवे, कारण अर्ज, अहवाल आणि वरिष्ठांशी व्यवहार त्याच भाषेत होतो. ज्या घरात 'मुलीला कन्नड कशाला' म्हणतात, त्या घरानेच उद्या अंगणवाडीत मराठी बोलणारी बाई नाही म्हणून तक्रार करू नये. दोन्ही भाषा येणारी गावची लेक तेथे बसली, तर तीन वर्षांच्या मुलाच्या भाषेचा प्रश्न निवेदनाशिवाय सुटतो.

चौथी गोष्ट आपल्या खिशातली. सरकारी सोय होईपर्यंत गप्प बसावयाचे कारण नाही. गावोगावी समाजमंदिरे आहेत, मंडळांच्या खोल्या आहेत, देवळांचे सभामंडप दुपारी रिकामे असतात. गणेशोत्सवाला आणि शिवजयंतीला वर्गणी जमते, त्यातला दहावा हिस्सा बाजूला काढला तरी सुगीच्या आणि रोप लावणीच्या दोन हंगामांपुरते पाळणाघर एक गाव चालवू शकेल. बचत गटातील दोन महिलांना मानधन द्यावे, आयांनी परवडेल तेवढी वर्गणी द्यावी. मुलांची सुरक्षितता, स्वच्छता आणि दूध-खिचडी यांची जबाबदारी नावानिशी ठरवावी. मराठी शाळेच्या आवारात खोली रिकामी असेल तर शाळा सुधारणा समितीने रीतसर परवानगी मागावी. त्या खोलीत तीन वर्षे खेळलेले मूल सहाव्या वर्षी शेजारच्या वर्गात आपल्या पायांनी जाईल. त्याला बोलवायला मला मे महिन्याच्या उन्हात फिरावे लागणार नाही.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. आज तीन वर्षांचे असलेले मूल त्यासाठी थांबणार नाही. ते पुढच्या जूनला चार वर्षांचे होईल आणि कोणत्या ना कोणत्या गाडीत बसेल.

आमच्या गल्लीची यादी मी पूर्ण केली आहे. सहा वर्षांखालील मुले तेवीस, त्यांतील सतरा मुलांच्या आया दिवसा कामावर. समितीच्या पुढच्या बैठकीत ही वही मी ठेवणार आहे, आणि रताळी काढायला जाणाऱ्या त्या मातेलाही बैठकीचे निमंत्रण दिले आहे. तिने विचारले, "येते गुरुजी, पण पोरगं कुणाकडं ठेवू?" मी सांगितले, घेऊनच या. समितीने निदान एकदा तरी ते मूल पाहिले पाहिजे.